बाह्य भिंतीचा प्रश्न शोभेपुरता नाही

कुही (जि. नागपूर) - घराचा दर्शनी भाग म्हणजे मालकाच्या ऐपतीचा आरसा, ही समजूत जुनीच आहे. टाइल्स, कृत्रिम दगड आणि गडद टेक्श्चर रंगांचे शहरी आकर्षण आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहे. मात्र, विदर्भाच्या हवामानात हा प्रश्न शोभेपेक्षा टिकाऊपणाचा अधिक आहे.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा उन्हाळ्यात तापलेली भिंत जूनमध्ये पावसात भिजते. त्यात काळ्या जमिनीची भर पडते. ही माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. पाया उथळ असल्यास भिंतीला तडे जातात. कोणताही महागडा लेप ते कायमचे बुजवू शकत नाही.

गोसीखुर्द धरणामुळे विस्थापित झालेल्या तालुक्यातील कुटुंबांना नव्या गावठाणात घरे उभारावी लागली. घरकुल लाभार्थींचीही ओढाताण होते. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे. स्लॅब पडेपर्यंत पैसा संपला, की बाहेरचा गिलावा रखडतो, उघड्या विटांत पाणी मुरते आणि ओल घरात उतरते.

म्हणूनच दोन थरांचा सिमेंट गिलावा आणि त्यावर फिकट रंग हा सामान्य कुटुंबासाठी आजही व्यवहार्य पर्याय ठरतो. फिकट रंग ऊन परतवतो, गडद रंग शोषून घेतो. कोराडी, खापरखेडा आणि मौदा येथील वीज केंद्रांमुळे या भागात राखेच्या विटांचा कच्चा माल जवळच आहे. एकसारख्या आकाराच्या या विटांवर गिलाव्याचा थर कमी लागतो. गिलावा न करता विटा उघड्या ठेवायच्या असतील, तर त्या पक्क्या भाजलेल्या हव्यात आणि सांधे नीट भरलेले हवेत. याच तालुक्यातील मांढळ येथे उत्खननात वाकाटककालीन विटांचे अवशेष सापडले आहेत. विटेच्या टिकाऊपणाची साक्ष त्याहून वेगळी नको.

भर उन्हाळ्यातील गिलावा पाणी लवकर उडून गेल्याने भेगाळतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर काम काढणे आणि किमान सात दिवस भिंतीला पाणी मारणे श्रेयस्कर. टाइल्सवरील खर्च आधी पाया, छज्जे आणि गिलाव्याकडे वळविला, तर घर दिसायला साधे राहील. पण पावसाळ्यात कोरडे राहील.