झडती आणि पावती

अटकेच्या धांदलीत खिशातील पैसे, मनगटावरील घड्याळ किंवा बोटातील अंगठी यांची आठवण सहसा कोणास राहत नाही. पुढे आठवण होते, तेव्हा एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द एवढेच उरते. असा प्रसंग टाळण्याची सोय मात्र कायद्यातच आहे, आणि ती प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्या ४९ व्या कलमान्वये, अटक झालेल्या व्यक्तीस जामिनावर सोडता येत नसेल, किंवा तिला जामीन देणे शक्य नसेल, तर पोलीस अधिकाऱ्यास तिची अंगझडती घेता येते. आवश्यक कपडे वगळून सापडलेल्या सर्व वस्तू त्याला सुरक्षित ताब्यात ठेवता येतात. तथापि, या अधिकारास एक कर्तव्य जोडलेले आहे : घेतलेल्या वस्तूंची पावती त्या व्यक्तीस दिलीच पाहिजे. १८९८ च्या संहितेत पावतीचा उल्लेख नव्हता. १९७३ च्या संहितेने तो घातला आणि नव्या संहितेनेही तो कायम राखला. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेस किंचितही बाध न आणता घ्यावी, असाही दंडक आहे. घातक शस्त्र काढून घेण्याचा अधिकार ५० व्या कलमात निराळा सांगितला आहे. ते शस्त्र न्यायालयाकडे किंवा संबंधित अधिकाऱ्याकडे सुपूर्द करावे लागते.

पावती हाती येताच वाचून पाहावी. रोख रक्कम किती, घड्याळ वा दूरध्वनी कोणत्या बनावटीचा, हे तीत यावयास हवे. सोन्याच्या अंगठीची नोंद ‘पिवळ्या धातूची’ अशी आढळल्यास घाबरून जाऊ नये. धातूची पारख झालेली नसल्यामुळे पोलीस तसे लिहितात. नग आणि घडण यांची नोंद मात्र आग्रहाने करून घ्यावी. अटकेची वार्ता आप्तांस कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहेच. ती कळताच घरच्यांनी पावतीचीही चौकशी करावी.

पावती मिळालीच नाही तर? अटक झालेल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्याच वेळी, कोणकोणत्या वस्तू घेतल्या गेल्या हे सांगून पावतीची मागणी करावी. प्रामाणिक अधिकाऱ्यासही ही पावती सोयीचीच असते. उद्या त्याच्यावर खोटा आळ आल्यास तीच त्याच्या उपयोगी पडते.