रिपीट करावं का, हे कशावरून सांगायचं?

‘एमबीबीएसला लागणाऱ्यांत बहुतेक रिपीटरच असतात, घाबरू नका.’ नीटच्या निकालानंतर पालकांना धीर देताना हे वाक्य आपल्या क्षेत्रात सर्रास वापरलं जातं. त्याला आधारही आहे. तमिळनाडू सरकारने 2021 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने त्या राज्यातले प्रवेश तपासले. एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत रिपीटरांचा वाटा 2016-17 मध्ये 12.47 टक्के होता, तो 2020-21 मध्ये 71.42 टक्क्यांवर गेलेला आढळला.

पण समोर बसलेल्या आईवडिलांनी विचारलेला प्रश्न वेगळा असतो. लागलेल्यांत रिपीटर किती, हे त्यांना नको असतं. रिपीट केलेल्यांपैकी किती जण लागले, हे हवं असतं. समजा शंभर जागांपैकी 71 जागा रिपीटरांना मिळाल्या. रिपीट करणारे दोनशे असतील तर दर तिघांत एकाहून जास्त जण लागले. ते दोन हजार असतील तर शंभरात चारही लागले नाहीत. जागा त्याच, टक्केवारीही तीच. पण पहिल्या घरात वर्ष लावणं शहाणपणाचं ठरतं आणि दुसऱ्या घरात तो जुगार होतो. 2025 मध्ये बावीस लाखांवर विद्यार्थी नीटला बसले आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर होत्या. एवढ्यावरूनही दुसरा आकडा पहिल्याइतका गोड नसणार, हे गणित शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना सांगायची गरज नाही. तरीही तो आकडा आपण पालकांसमोर ठेवत नाही, कारण तो आपल्याकडे नसतो. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, यशस्वी रिपीटरांचे फोटो चौकाचौकांत लागतात. बाकीच्यांची साधी यादीही कोणी ठेवत नाही.

म्हणून या महिन्यात सल्ला देताना विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेपासून सुरुवात करावी, अशी आमची सगळ्यांना विनंती आहे. नीटची प्रश्नपुस्तिका विद्यार्थी घरी आणतो. ओएमआरची प्रत आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर मिळते. त्याला शेजारी बसवून 180 प्रश्न एकेक करून पाहायला दोन तास लागतात. प्रत्येक चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नापुढे कारण लिहून घ्यावं: मुळात आलंच नाही, येत होतं पण घाईत चुकलं, वेळ पुरला नाही, की नुसता अंदाज मारला. ‘सिली मिस्टेक झाल्या’ या एका शब्दप्रयोगाखाली मुलं हे चारही प्रकार झाकतात आणि आपणही ते चालवून घेतो.

अंदाजाच्या प्रश्नांवर थोडं थांबायला हवं. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला उणे 1, पर्याय चार. चाळीस प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले तर सरासरीने 10 बरोबर येतात आणि 10 गुण पदरात पडतात. पण 14 बरोबर आले तर 30 गुण होतात आणि 7 च आले तर उणे 5. यातलं काहीही घडणं दुर्मीळ नाही. म्हणजे सारख्याच तयारीच्या दोन मुलांत 35 गुणांची दरी नशिबाने पडू शकते, आणि त्याच मुलाच्या दोन वर्षांच्या गुणांतही पडू शकते. ‘फक्त वीस गुणांनी गेलं’ असं सांगणाऱ्या मुलाचं यंदाचं नशीब कोणत्या बाजूला होतं, हे त्या कागदावरच कळतं. अंदाज लागून तो तिथवर पोचला असेल, तर पुढच्या वर्षी त्याला वीस नव्हे, पन्नास गुण कमवावे लागणार आहेत. ‘त्या दिवशी तब्येत बिघडली होती’ हेही असंच तपासता येतं. वेळ लावून, देखरेखीखाली दिलेल्या शेवटच्या आठदहा सराव परीक्षा काढून बघाव्यात. गुण त्यांच्यापेक्षा खूप खाली असतील तर तो दिवस खरंच वाईट होता. गुण तिथेच असतील तर दिवसाला दोष देऊ नये.

दुसरं, गुणांवर बोलू नये, रँकवर बोलावं. 2024 मध्ये पैकीच्या पैकी, म्हणजे 720 गुण अनेकांना पडले. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 होते आणि 650 च्या वर शंभर जणही नव्हते. आदल्या वर्षी असे विद्यार्थी हजारोंनी होते. खुल्या गटाची पात्रता मर्यादा 162 वरून 144 वर आली. 2024 चा 600 गुणांचा विद्यार्थी वर्षभर रिपीट करून 2025 मध्ये 560 वर आला, तर घरी रडारड होते, पण त्याची रँक खूप सुधारलेली असते. शिवाय परीक्षाही जागेवर राहत नाही. 2021 पासून असलेले पर्यायी प्रश्न आणि 2022 पासूनची जादा वीस मिनिटं 2025 मध्ये गेली. 180 प्रश्न, 180 मिनिटं. वेगात मागे पडणाऱ्या मुलाला रिपीटचा सल्ला देताना हा बदल त्याच्या विरुद्ध जातो, हे त्याला सांगितलंच पाहिजे.

मग रिपीट कोणी करावं? आमचं मत स्पष्ट आहे. जीवशास्त्र पक्कं आहे आणि भौतिकशास्त्राची खरी तयारी बारावीच्या जानेवारीपर्यंत सुरूच झाली नव्हती, कारण कनिष्ठ महाविद्यालयात त्या विषयाला शिक्षक नव्हता. असा ग्रामीण भागातला विद्यार्थी असेल तर त्याला वर्ष मिळालंच पाहिजे, आणि ते मिळावं म्हणून आपण त्याच्या घरच्यांशी भांडावं. त्याच्या गुणांत वाढायला खरोखर जागा आहे. तो विद्यार्थी मुलगी असेल तर जास्तच भांडावं. भावाला जे वर्ष न मागता मिळतं, ते बहिणीला बऱ्याच घरांत मागूनही मिळत नाही. उलट दोन वर्षं चांगल्या ठिकाणी शिकून, सगळ्या सराव परीक्षा देऊन तिन्ही विषयांत जो सारखाच अडकला आहे, त्याला त्याच बॅचमध्ये, त्याच नोट्सवर आणखी एक वर्ष बसवून काय बदलणार? तिसऱ्या प्रयत्नाबद्दल तर, काय वेगळं करणार हे नेमकं सांगता येत नसेल, आम्ही सरळ नको म्हणू. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि 2022 पासून वयाची कमाल अटही नाही. नियम थांबवत नसल्यामुळे थांबायला सांगण्याचं काम आपल्यावर येतं.

जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीचा प्रश्न त्यामानाने हलका आहे. मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते, चांगला स्कोअर धरला जातो. दुसऱ्यांदा बसण्यात शुल्कापलीकडे गमावण्यासारखं फारसं नाही. सीईटीला उणे गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे सांगणं पुष्कळदा रिपीटच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडतं. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला मात्र सलग दोन वर्षांत दोनच संधी असतात. त्या बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीच मिळतात, त्यामुळे बारावीच्या वर्षी न बसवल्याने संधी मागे उरत नाही.

आता एक अवघड गोष्ट. सल्ला देणारे आणि रिपीटर बॅच चालवणारे अनेक ठिकाणी आपणच आहोत. बॅच निकालानंतर लगेच सुरू होते, अमुक तारखेआधी फी भरली तर सवलत असते. राज्याच्या प्रवेशफेऱ्या मात्र त्यानंतर कितीतरी आठवडे चालू राहतात. तिसऱ्या फेरीत बीएएमएसची किंवा बीडीएसची जागा कुठे मिळतेय, हे कळण्याआधीच कुटुंबाने वर्षाचा निर्णय घेतलेला असतो. ही घाई विद्यार्थ्याच्या हिताची नाही, आणि ती आपण निर्माण केली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी, आणि रँकची हमी देता येत नाही. हे पालकांना पहिल्या भेटीतच, प्रवेश अर्जाच्या आधी सांगावं. बॅचमध्ये बसून फेऱ्यांत भाग घेता येतो, आणि मनाजोगती जागा मिळाली तर उठून जाता येतं, हे कित्येक पालकांना माहीतच नसतं.

आणि नोंद ठेवायला याच वर्षीपासून सुरुवात करूया. या अंकासोबत एक पानाचा तक्ता दिला आहे. रिपीटला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची आधीची रँक, नंतरची रँक, मध्येच सोडलं असेल तर कोणत्या महिन्यात, आणि शेवटी प्रवेश कुठे. नाव नको, संस्थेचं नावही नको. मध्येच निघून गेलेल्यांची ओळ गाळू नका. सगळ्यात जास्त गरज त्याच ओळींची आहे. पुढच्या निकालानंतर महिनाभरात तक्ते आमच्याकडे आले, तर त्यांची एकत्र आकडेवारी जशी येईल तशी, आपल्याला आवडो न आवडो, याच पानावर छापू.