नसेला दिशा देणारा धागा

भातकापणी सुरू झाली की पोशीर, कळंब, नेरळ या पट्ट्यातून विळ्याने कापलेले हात दवाखान्यात येऊ लागतात. बहुतेकांना टाके पुरतात. काहींची मात्र मनगटाजवळची नस तुटलेली असते. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो. इथे नस म्हणजे स्पर्शाचे आणि हालचालीचे संदेश नेणारी ‘नर्व्ह’. ती तुटली की बोट जागेवर असते, पण त्याला गरम-गार कळत नाही, बारीक कामे जमत नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसाचे यात काय जाते, हे वेगळे सांगायला नको.

नसेची टोके ताण न देता जुळत असतील तर ती सूक्ष्मदर्शकाखाली शिवता येतात. पुढे नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले, तर सहा महिने झाले. मधला तुकडाच चिरडला असेल तर पोटरीतली एक नस काढून हातात जोडतात. हात सावरू शकतो, पण पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो. सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरासाठी विरघळणाऱ्या पोकळ नळ्याही मिळतात. पण पोकळ नळीत वाढत्या नसेला धरून पुढे सरकायला काही नसते. वेलीला मांडव लागतो, तसा तिलाही आधार हवा.

हा आधार विजेच्या साह्याने कातता येतो. या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचे द्रावण सुईतून सोडायचे आणि सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा. थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो, त्याच्या टोकातून बारीक धार निघते, द्रावक उडून जातो आणि केसाच्या शंभराव्या भागाइतका बारीक धागा उरतो. समोर स्थिर पत्रा ठेवला तर म्हातारीच्या केसांसारखा गुंता जमतो. त्याऐवजी वेगाने फिरणारा पिंप ठेवला, तर धागे एकाच दिशेने शेजारी शेजारी बसतात.

फरक दिसायला छोटा, परिणामाला मोठा. पेशी ज्या पृष्ठभागावर वाढतात त्याची दिशा धरतात, हे रॉस हॅरिसन यांनी १९१४ मध्येच कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांवर पाहिले होते. २००८ मध्ये अमेरिकेत रवी बेल्लमकोंडा यांच्या गटाने उंदरांच्या नसेत १७ मिलिमीटरची फट पाडून तीत असे धागे बसवले. एका दिशेच्या धाग्यांवरून नस पलीकडे पोहोचली. गुंतलेल्या धाग्यांवरून तसे झाले नाही.

मग हे आपल्या रुग्णालयात का नाही? उंदीर आणि माणूस यांतले अंतर हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण कारखान्याचे आहे. पिंप हळू फिरला तर धागे गुंततात, फार वेगाने फिरला तर तुटतात. थर जाड होत गेला की साचलेला विद्युतभार नव्या धाग्यांना ढकलतो आणि ओळ बिघडते. हवेतली आर्द्रता बदलली की धाग्याची जाडी बदलते. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात हे काम किती जिकिरीचे, याची कल्पना करा. एक चांगला नमुना करून शोधनिबंध लिहिता येतो. शस्त्रक्रियेसाठी मात्र हजारावी नळी पहिलीसारखीच असावी लागते.

माझ्या मते हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच वस्त्रोद्योगाचा आहे. १९३४ मध्ये अँटन फॉर्महाल्स यांनी या तंत्राचे पेटंट घेतले, तेही कृत्रिम सूत काढण्यासाठीच. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत विनावीण कापडाचे केंद्र आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून, रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारे साहित्य करणारी कंपनी उभी राहिली आहे. सूत जाणणारे आणि पॉलिमर जाणणारे, दोघेही राज्यातच आहेत. त्यांना सरकारी रुग्णालयांतील हाताच्या शल्यचिकित्सकांशी जोडून, ठरावीक मुदतीचा आणि निधीचा एक कार्यक्रम राज्याने हाती घ्यावा. किंमतीची अट पहिल्याच दिवशी घालावी. नाहीतर नळी तयार होईल, पण ती कापणीवरच्या मजुराच्या आवाक्यात नसेल.

तोवर ‘नॅनो’ नावाने नस जोडून देण्याच्या जाहिरातींना भुलू नका. हात खोल कापला तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. हळद, तंबाखू, चुना भरू नका. बोट बधिर वाटत असेल किंवा वळत नसेल, तर टाके घालण्याआधीच डॉक्टरांना ते सांगा आणि त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. वेळेवर शिवलेल्या नसेला बहुधा कुठल्याच नळीची गरज पडत नाही.

(लेखक सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत.)