'कादंबरी कुठवर आली?'

अनेक खंडांची कादंबरी हाताने लिहीत बसलेल्या लेखकाला भेटेल तो माणूस एकच प्रश्न विचारतो : कुठवर आली? प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यामागे एक गृहीतक दडलेले असते. लेखन म्हणजे रस्ता, लेखक म्हणजे वाटसरू, आणि वह्यांची संख्या म्हणजे मैलाचे दगड. पहिला खंड झाला, दुसरा निम्म्यावर आला, तिसऱ्याचा आराखडा तयार आहे, अशा उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होते. आमच्या मते हे गृहीतक मुळातच चुकीचे आहे, आणि साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी तरी ते सोडून द्यावे. त्यासाठी मार्सेल प्रूस्तच्या वह्यांइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

प्रूस्तचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. चहात बुडवलेल्या मादलेनचा दाखलाही बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु 1913 साली हा लेखक आजच्या भाषेत 'स्वतंत्र', म्हणजे पदरमोड करून छापणारा लेखक होता, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. पहिल्या खंडाचे हस्तलिखित फास्केल, ओलेंदोर्फ आणि 'नुव्हेल रव्ह्यू फ्रान्सेझ' या तिघांनीही नाकारले होते. झोप येण्यापूर्वी अंथरुणात कूस बदलणाऱ्या माणसाच्या वर्णनासाठी कोणी इतकी पाने का खर्चावीत, हे आपल्याला उमगत नाही, अशा अर्थाचे पत्र ओलेंदोर्फच्या प्रमुखाने लिहिले. अखेर बर्नार ग्रासे यांच्याकडून 14 नोव्हेंबर 1913 रोजी पहिला खंड निघाला, तो लेखकाच्या खर्चाने. नकारात सहभागी असलेल्या आंद्रे जीद यांनी 1914 च्या आरंभी पत्र पाठवून पश्चात्ताप व्यक्त केला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. स्वखर्चाने छापलेले पुस्तक हातात आले की ते उघडण्यापूर्वीच नाक मुरडणाऱ्या आमच्या विद्यापीठीय बांधवांनी तो एकदा आठवून पाहावा, इतकेच.

आता 'कुठवर आली' याकडे वळू. ऑगस्ट 1909 मध्ये प्रूस्तने मादाम स्त्रोस यांना पत्र लिहिले. आपण एक मोठे पुस्तक नुकतेच सुरू केले आणि पूर्णही केले, असा त्याचा आशय होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1922 रोजी, तो वारला तेव्हा पुस्तकाचे अखेरचे तीन भाग अद्याप छापायचे होते. ते 1923, 1925 आणि 1927 मध्ये निघाले. मग 1909 च्या पत्रातला दावा खोटा म्हणावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. शेवटच्या खंडाचे शेवटचे प्रकरण पहिल्या खंडाच्या पहिल्या प्रकरणापाठोपाठच लिहून झाले होते, असे प्रूस्तने पुढे एका समीक्षकाला कळवले. दोन टोके आधी उभी राहिली होती. वाढत गेला तो मधला भाग. म्हणजे मुक्काम पहिल्यापासून ठरलेला होता आणि लेखक जितके लिहीत होता तितका तो मुक्काम दूर सरकत होता. अशा लेखनाची प्रगती मैलांत मोजणार कशी?

या वाढीचे अंक पाहावेत. 1912 च्या सुमारास कल्पना दोन खंडांची होती, 1913 मध्ये ग्रासेच्या पुस्तकात तीन खंडांची घोषणा झाली, आणि आज आपण सात भाग वाचतो. 1914 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या खंडाची मुद्रिते तयार होत होती, तोच महायुद्ध सुरू झाले आणि ग्रासेचे छापखान्याचे काम थांबले. पुढचा खंड निघाला तो थेट 1919 मध्ये, गालिमारकडून, आणि त्याच वर्षी त्याला गोंकूर पारितोषिक मिळाले. मधल्या पाच वर्षांत काहीच छापले गेले नाही. बाहेरून पाहणाऱ्याच्या लेखी हा लेखक अडकून पडला होता. वस्तुतः याच वर्षांत आल्बेर्तीन ही व्यक्तिरेखा विस्तारली, तिच्याभोवती नवे खंडच्या खंड रचले गेले आणि कादंबरी जवळजवळ दुप्पट झाली. युद्ध झाले नसते आणि ग्रासेने वेळेवर तीन खंड छापले असते, तर आज आपल्या हाती एक चांगली, बरीच लहान आणि आल्बेर्तीनच्या कहाणीवाचूनची कादंबरी असती. खोळंब्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण खोळंब्याच्या काळात वहीत काय चालले होते ते न पाहता 'लेखक रखडला' असा निवाडा देणे हे वाचकाला एकवेळ शोभेल, समीक्षकाला नाही.

वहीत काय चालले होते, हे आपण पाहू शकतो. कारण त्या वह्या शाबूत आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मसुद्यांच्या 75 वह्या आहेत, त्यांखेरीज पुढील भागांच्या सुवाच्य प्रतीच्या 20 वह्या आहेत. प्रूस्त अंथरुणात बसून, गुडघ्यांचे मेज करून, टाकाने शाळकरी वह्यांत लिही. मजकूर सहसा उजव्या पानावर. डावे पान भरतीसाठी मोकळे. ते भरले की समास, समास भरले की दोन ओळींमधली जागा, आणि तीही संपली की कागदाचे तुकडे. ते डकवून, घडी घालून वहीत बसवण्याची युक्ती आपली, असे त्याची सेविका सेलेस्त आल्बारे हिने 1973 च्या आठवणींत सांगितले आहे. उलगडल्यावर मीटरभराहूनही लांब होणाऱ्या या पट्ट्यांना अभ्यासक 'पाप्रोल' म्हणतात. याच सेलेस्तने मालकाच्या आज्ञेवरून 32 काळ्या वह्या जाळल्याचेही सांगितले आहे. त्या 32 वह्यांतले लेखन प्रगतीच्या कोणत्या रकान्यात मांडायचे?

येथे एका गोड गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. हाताने लिहिणे म्हणजे काहीतरी सात्त्विक, यंत्राने लिहिणे म्हणजे उथळ, असे एक मत अलीकडे मोठ्या भक्तिभावाने मांडले जाते. प्रूस्तला हा सोवळेपणा ठाऊक नव्हता. पहिल्या खंडाचे सातशेंहून अधिक पानांचे टंकलिखित त्याने करवून घेतले आणि मग त्या टंकलिखितावरही हाताने लिहायला सुरुवात केली. ग्रासेकडून मुद्रिते आली तेव्हा त्यांच्या समासांत इतकी भर घातली की मूळ छापील मजकूर शोधावा लागावा. वही, टंकलिखित, मुद्रित या त्याच्या दृष्टीने चढत्या पायऱ्या नव्हत्याच. प्रत्येक नवी प्रत म्हणजे नवे समास. हस्तलेखनाचे खरे मोल आम्हाला येथे दिसते : खोडलेले वाचता येते, घातलेली भर कोठे घातली ते दिसते, आणि घाई झाली होती की संकोच, हे अक्षरही थोडेफार सांगते. संगणकावर लिहिणाराही तितकाच थोर असू शकतो, पण त्याचे खोडलेले शब्द आपोआप उरत नाहीत.

मादलेनचेच पाहा. सुरुवातीच्या एका मसुद्यात चहात बुडतो तो भाजलेला पाव. नंतर त्याची जागा बिस्कोत घेते, आणि मग कुठे मादलेन येते. 'अनैच्छिक स्मृती'वर टिपणे उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगितले तर त्याच्या डोळ्यांसमोरची साक्षात्काराची आभा काहीशी ओसरेल. पण कादंबरीकार आपल्या द्रव्याचे काय करतो हे त्याला प्रथमच दिसेल. आमच्या अभ्यासक्रमांतली निर्मितिप्रक्रियेची चर्चा प्रतिभा, स्फूर्ती, तादात्म्य यांच्याभोवती फिरते. तिच्यात कागद कोठेच नसतो.

आणि शेवट तरी झाला का? 1922 च्या वसंतात आपण 'समाप्त' हा शब्द लिहिल्याचे प्रूस्तने सेलेस्तला सांगितले. तरीही दुरुस्त्या थांबल्या नाहीत. मरणोत्तर निघालेल्या भागांत बेर्गोत या लेखकाचा मृत्यू होतो, आणि काही पानांनंतर तो पुन्हा जिवंत असल्यासारखा वावरतो. भर घातली गेली, तिच्याशी पुढचा मजकूर जुळवायला आयुष्य पुरले नाही. याहून मोठा पेच 1986 मध्ये निघाला. आल्बेर्तीनच्या मृत्यूनंतरच्या भागाचे एक टंकलिखित सापडले. त्यात प्रूस्तने अखेरच्या आठवड्यांत सुमारे अडीचशे पाने वगळल्याचे दिसले. 1987 मध्ये ही संक्षिप्त प्रत प्रसिद्ध झाली आणि आजतागायत अभ्यासकांचे एकमत नाही. त्या महिन्यात कादंबरी पुढे गेली की मागे आली? आमचे मत विचाराल तर ती पुढेच गेली. मात्र कोणत्या दिशेने, ते लेखकाने आपल्यासोबत नेले. दीर्घ आवृत्तीच वर्गात लावावी असे आम्हाला वाटते, पण दुसरी आहे हे विद्यार्थ्याला सांगितल्याशिवाय नाही.

मराठीकडे येताना मन खट्टू होते. खंडात्म कादंबरी आपल्याला अपरिचित नाही. भालचंद्र नेमाडे यांचे 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' हे चतुष्टय 1975 ते 1979 या काळात आले. 2010 साली आलेली 'हिंदू' हाही एका मोठ्या योजनेचा पहिला भाग म्हणूनच वाचकांसमोर आला, आणि 'पुढचे कधी' हा प्रश्न तिला लगेच चिकटला. परंतु मराठी कादंबरीच्या खर्ड्यांवर उभे राहिलेले प्रबंध आमच्या पाहण्यात जवळजवळ नाहीत. नवल याचे वाटते की पाठचिकित्सा आपल्या परंपरेला परकी नाही. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या उलगडण्यात संशोधकांनी आयुष्ये वेचली. सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीतला पाठभेद आम्हाला प्राणाहून प्रिय, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कादंबरीचा खर्डा मात्र रद्दीत! छापील पुस्तक हातात आले की वही निरुपयोगी, असे लेखकाचे कुटुंबीय समजतात, यात त्यांचा दोष नाही. ती उपयोगी आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

फ्रान्समध्ये झां-ईव्ह तादिए यांच्या देखरेखीखाली 1987 ते 1989 या काळात निघालेल्या प्लेयाद आवृत्तीने प्रत्येक खंडाच्या मागे निवडक मसुदे छापले. तेवढा खटाटोप आज आमच्या कोणत्या प्रकाशकाला झेपेल अशी आशा आम्ही धरत नाही. पण एखाद्या मराठी विभागाला आपल्याच जिल्ह्यातल्या एका हयात कादंबरीकाराच्या चार वह्या मागून घेणे, त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे आणि एम. ए.च्या एका विद्यार्थ्याला एकाच प्रकरणाचे तीन पाठ शेजारी शेजारी मांडायला सांगणे अशक्य आहे काय? त्या विद्यार्थ्याने लेखकाकडे जाताना 'कुठवर आली' असे न विचारता, 'हे पान का खोडले' असे विचारावे.