मॉड्युलर घरांचा कारखाना टाकताय? आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मग शेड बांधा



सध्या ‘मॉड्युलर’ हा शब्द जोरात आहे. शहरातल्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायच्या, तर खोल्या कारखान्यातच तयार करून आणायच्या, ही कल्पना ऐकली की उद्योजक माणसाचे डोळे चमकतात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तंत्र चांगलं आहे, शहरांना त्याची गरजही आहे. पण या धंद्यात जो कारखान्यापासून सुरुवात करतो, तो बहुतेक वेळा अडकतो. कर्ज काढून शेड आणि मशीन घ्यायच्या विचारात असाल, तर हे वाचा आणि मग बँकेत जा.

तंत्र चालतं, यात शंका नाही

मॉड्युलर म्हणजे अख्खी खोली कारखान्यात बनवायची. वायरिंग, नळ, फरशी, खिडक्या, सगळं बसवून. मग ती ट्रकवरून साइटवर न्यायची आणि क्रेनने एकावर एक रचायची. साइटवर पाया भरला जात असतो तेव्हाच कारखान्यात खोल्या तयार होत असतात. वेळ वाचतो तो इथे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ‘ताहानान’ नावाची इमारत आहे. बेघर राहिलेल्या लोकांसाठी १४५ छोटी घरं. खोल्या बनल्या जवळच्या व्हॅलेहो गावात, नौदलाच्या जुन्या गोदीतल्या ‘फॅक्टरी ओएस’ कंपनीच्या कारखान्यात. काम तीन वर्षांच्या आत पूर्ण झालं आणि २०२१ मध्ये लोक राहायला आले. सिंगापूरचं ‘क्लेमेंट कॅनोपी’ बघा. ४० मजल्यांचे दोन टॉवर, ५०५ फ्लॅट, आणि ते उभे राहिले १,८६६ तयार मॉड्यूल्स रचून. २०१९ मध्ये काम पूर्ण.

म्हणजे इमारत उभी राहते. प्रश्न धंदा उभा राहतो का, हा आहे.

पैसा होता, तरी बुडाले

‘कटेरा’ ही कंपनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. संस्थापकांपैकी मायकल मार्क्स हे फ्लेक्सट्रॉनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या बड्या कंपनीचे माजी प्रमुख. फोन कारखान्यात बनतो तर घर का नाही, असा विचार. सॉफ्टबँकेसकट गुंतवणूकदारांनी जवळपास दोन अब्ज डॉलर ओतले. डिझाइन आमचं, लाकूड आमचं, कारखाना आमचा, बांधकामही आमचंच! २०१८ मध्ये तर तमिळनाडूत कृष्णगिरीला कारखाना असलेली केईएफ इन्फ्रा ही कंपनीही त्यांनी आपल्यात घेतली. जून २०२१ मध्ये कटेराने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ब्रिटनमधली लीगल अँड जनरल तर विम्यातली दादा कंपनी. २०१६ मध्ये यॉर्कशायरमध्ये भला मोठा कारखाना घेतला. मे २०२३ मध्ये नवीन उत्पादन थांबवलं. कारण काय? परवानग्या रखडल्या आणि कारखाना भरून चालेल एवढ्या कामांची रांगच लागली नाही. पुढच्याच महिन्यात तिथलीच ‘इल्के होम्स’ बंद पडली.

यांच्याकडे पैसा होता, हुशार माणसं होती. कमी पडली ती एकच गोष्ट, दर महिन्याला येणारी ऑर्डर.

गणित वहीत मांडा

नाक्यावरून मजूर आणणारा ठेकेदार बघा. काम नसेल तर त्याचा खर्च जवळजवळ शून्य. कारखान्याचं तसं नसतं. समजा शेडचं भाडं, बँकेचा हप्ता, पगार, वीज मिळून महिन्याला १० लाख जातात. महिन्यात २० तयार बाथरूम विकली तर प्रत्येकावर ५० हजारांचा बोजा. चारच विकली तर अडीच लाखांचा! माल तोच, माणसं तीच, पण बाजारभावात बसणं अशक्य.

आणि बांधकामाचा धंदा एकसारखा कधीच चालत नाही. कधी परवानगी अडकते, कधी कोर्टाची स्थगिती येते, कधी निवडणुकीची आचारसंहिता. साइट थांबते, हप्ता थांबत नाही.

सिंगापूरमध्ये हे का जमलं? तिथे बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. वर्षानुवर्षं तयार भागांनी बांधायची मंडळाची पद्धत आहे. वर २०१४ पासून सरकारने काही विकाऊ भूखंडांवर हे तंत्र वापरणं बंधनकारक केलं. म्हणजे मागणी आधी पक्की झाली, कारखाने मागून आले.

आपल्याकडे संधी कुठे आहे?

आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, त्यामुळे ‘मजूर वाचतील’ म्हणून बिल्डर तुमचं ऐकणार नाही. वेळेचं बोला. मुंबई-पुण्यात पुनर्विकास चालू असताना बिल्डर रहिवाशांना बाहेर राहण्याचं भाडं देतो. समजा ५० घरं आणि प्रत्येकी ४० हजार. झाले महिन्याला २० लाख. सहा महिने वाचले तर सव्वा कोटीच्या आसपास! आणि दोन वर्षं सांगून पाच वर्षं भाड्याच्या घरात काढणाऱ्या आजी-आजोबांसाठी ते सहा महिने पैशापेक्षा मोठे असतात.

पण अडचणीही ओळखा. दादर-गिरगावच्या गल्लीत अख्खी खोली घेऊन ट्रेलर वळणार आहे का? क्रेन कुठे उभी राहील? सोसायटीचे सभासद भिंतीवर ठोकून ‘पोकळ वाजतंय’ म्हणाले तर काय दाखवाल? शिवाय एप्रिल २०१९ पासून घरं विकणाऱ्या बिल्डरला कमी दराच्या जीएसटीबरोबर इनपुट क्रेडिट मिळत नाही. तुमच्या मालावरचा कर त्याला थेट खर्च म्हणून पडतो. दर सांगताना हे धरूनच बोला.

मी तुमच्या जागी असतो तर

पहिलं, अख्खं घर नाही, एकच भाग निवडला असता. तयार बाथरूम, प्लंबिंगची तयार भिंत, किंवा इलेक्ट्रिकचे आधीच कापून-जोडून दिलेले संच. गल्लीतून जाईल आणि टेम्पोत बसेल एवढंच.

दुसरं, पहिले नमुने दुसऱ्याच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये जॉबवर्कने करून घेतले असते. मशीन तिसऱ्या ऑर्डरनंतर.

तिसरं, ॲडव्हान्सशिवाय काम धरलं नसतं. बिल्डर आणि त्याची बँक साइटवर झालेल्या कामाचे पैसे देतात. तुमच्या शेडमध्ये तयार पडलेला माल त्यांच्या हिशोबात नसतो. कच्चा माल मात्र तुम्हाला आधीच घ्यावा लागतो. उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं पेमेंट ४५ दिवसांच्या पलीकडे न्यायला कायदा परवानगी देत नाही. पण वसुलीसाठी भांडण्यापेक्षा ॲडव्हान्स कधीही बरा.

काही जण म्हणतील, ‘सर, जो आधी उतरेल तोच मार्केट घेईल.’ अहो, कटेराही आधीच उतरली होती. या धंद्यात जो टिकतो, तो मार्केट घेतो. टिकतो कोण, तर ज्याचा महिन्याचा खर्च हातातल्या ऑर्डरपेक्षा लहान आहे तो.

तेव्हा या आठवड्यात मशीनचं कोटेशन मागवू नका. पुनर्विकास चालू असलेल्या तीन साइटवर जा. साइट इंजिनियरला एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, कुठल्या कामामुळे तुमचं वेळापत्रक सगळ्यात जास्त घसरतं?’ तिघांकडून एकच उत्तर आलं, तर तुमचं प्रॉडक्ट तुम्हाला सापडलं.