न्हाणीघरातील लादी आणि आपण

या पानावर न्हाणीघरातील लादीचा विषय निघावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई, बेकारी, घरांचा प्रश्न असे विषय समोर असताना लादीची चर्चा ही सुखवस्तूंची करमणूक नव्हे काय? आमचेही मत असेच होते. कोपरच्या एका सहकाऱ्याने ते बदलावयास लावले.

कोपर स्थानकाजवळच्या जुन्या इमारतीतील त्यांच्या दोन खोल्यांत मोरीला शहाबादी फरशी होती. ती जागोजागी उखडली, खालच्या घरात पाणी झिरपू लागले आणि नवी लादी बसविणे भाग पडले. दुकानात गेल्यावर दिव्यांच्या झोतात आरशासारखी चकाकणारी दोन फुटी लादी समोर आली. मुले हरखली. सत्तरी ओलांडलेल्या आईने मात्र विचारले, “यावर साबणाचं पाणी सांडलं तर मी उभी कशी राहू?” दुकानदाराजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते; कारण तो डोळ्यांना माल विकत होता आणि म्हातारी पायांविषयी बोलत होती.

सारा वाद या एका प्रश्नात आला. कर्नाटकातील शहाबादचा हा चुनखडक चाळींच्या मोऱ्यांत पसरला तो स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. त्याच्या खरबरीतपणामुळे ओला पायही त्यावर ठरत असे. त्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. त्याच्या खाचांत शेवाळ साठते आणि ते घासण्यात घरातील स्त्रीचा घाम जातो. नवी लादी हवीच. पण ती कोणाच्या सोयीची, हे आधी ठरले पाहिजे.

न्हाणीघराच्या जमिनीला खडबडीत पोताची, म्हणजे बाजारात ‘मॅट’ वा ‘अँटी-स्किड’ म्हणतात ती लादी लागते. चकाकी हवीच असेल तर ती भिंतीला द्यावी. लहान जागेत दोन फुटी लादीपेक्षा एक फुटी वा त्याहून लहान लादी बरी: पाणी जाळीकडे नेणारा उतार तिच्याने नीट साधतो आणि सांधे अधिक असल्याने पायाला आधार मिळतो. मात्र पोत इतकेही खोल नसावे की ते घासण्यासाठी तेजाब ओतावे लागेल. तेजाबाने सांध्यांतील सिमेंट झिजते, आणि कोंदट मोरीत त्याची वाफ जाते ती घासणाऱ्या बाईच्या छातीत. लादी पसंत करणारा आणि ती रोज घासणारी ही दोन माणसे बहुधा वेगळी असतात. ज्या घरात समतेवर व्याख्याने होतात, त्या घरात तरी ही निवड तिला विचारून व्हावी.

आणखी एक माणूस या व्यवहारात आहे, तो दुकानात कधीच दिसत नाही. देशातील लाद्यांचे फार मोठे उत्पादन गुजरातेतील मोरबी येथे होते. लादीच्या मिश्रणात मातीबरोबर गारगोटीची पूड असते, आणि तिची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत त्याची गणना केली होती. तरीही गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर या रोगाने मेले, आणि त्यांपैकी 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये मिळण्यासाठी 2016 साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. ते कारखाने लाद्यांचे नव्हते. पण धूळ तीच. लादीच्या खोक्यावर आकार, प्रत, किंमत सारे छापलेले असते. ती घडविणाऱ्याच्या फुप्फुसाचा हिशेब तेवढा नसतो.

म्हणून ग्राहकाने लादी घेऊच नये काय? तसे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. एका ग्राहकाच्या निवडीने कारखान्यातील धूळ खाली बसत नाही. ती बसते ओल्या प्रक्रियेने, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांनी आणि कामगारांच्या नियमित तपासणीने. आणि या गोष्टी संघटनेच्या रेट्यावाचून होत नाहीत. तो रेटा निर्माण करणे हे आपले काम आहे.

परंतु दारातले काम आजच करता येण्याजोगे आहे. कोपर-डोंबिवलीत अनेक जुन्या इमारती पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. करारातील सोयींच्या यादीत ‘उत्तम प्रतीच्या टाइल्स’ एवढेच मोघम शब्द असतील, तर बिल्डर पुढे काय बसवील याचा भरवसा नाही. सही करण्यापूर्वी सभासदांनी न्हाणीघरासाठी न घसरणारी लादी, जाळीकडे योग्य उतार आणि भिंतीला हाताचा दांडा ही तीन कलमे स्पष्ट लिहून घ्यावीत. कार्यकर्त्यांनी सोसायटीच्या सभेत हा विषय मांडावा; कोणी हसले तरी मांडावा.

आमच्या सहकाऱ्याने अखेर फिकट रंगाची, एक फुटी, खडबडीत लादी घेतली. दुकानात पाणी मागवून, ती ओली करून, चप्पल काढून आईने तिच्यावर पाय ठेवून पाहिला, मगच पैसे दिले गेले.