पिशवीत नसलेला शिधा

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशन दुकानांतून ‘आनंदाचा शिधा’ वाटला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. एक कोटी साठ लाखांच्या आसपास शिधापत्रिकाधारकांसाठी ही योजना होती. जिन्नस वेळेवर पोचले का, पिशवीवर फोटो कुणाकुणाचे, यावर त्या वेळी वाद रंगले. पिशवीच्या आत काय आहे, यावर फारसं कुणी बोललं नाही. बोलण्यासारखं होतंही काय? डाळ गिरणीवर दळून आणायची, शेव पाडायची, रव्याचे लाडू वळायचे. सणाच्या चार दिवसांत पोरांच्या हातावर गोडधोड पडलं, एवढं पुरे. ज्यांच्या घरी फराळाचे डबे तुळशीचं लग्न उलटलं तरी संपत नाहीत, त्यांनी अशा घराला तेल-साखरेचे तोटे समजावायला जाऊ नये.

गोष्ट दिवाळीनंतरच्या दिवसांची आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. त्यामुळे लाखो घरांत चूल पेटण्याची हमी आली, हे मान्यच करायला हवं. पण हा हक्क धान्यापुरता आहे. डाळ, भाजी, दूध, अंडं त्यात बसत नाही. भरडधान्य कायद्यात आहे, त्याचा किलोला एक रुपया असा दरही लिहिला होता. दुकानात मात्र बहुतेक वेळा गहू-तांदूळच येतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात जेमतेम दहा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी गावातल्या ताटातून मागे सरली आणि शहरातल्या मॉलमध्ये ‘रागी कुकीज’ होऊन बसली. हा प्रसंग कुणी विनोदी कथेत लिहून पाठवला असता, तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून साभार परत केला असता.

धान्याने पोट भरतं, पण शरीर कशाने घडतं, याचा शोध ज्या संशोधनाने घेतला ते पुण्याजवळच्या सहा गावांत झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या बायकांच्या गरोदरपणाची नोंद ठेवायला सुरुवात केली. अंगाने बारीक, शेतात राबणाऱ्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. एवढ्यावर थांबलं असतं तर ती कुपोषणाची जुनीच कहाणी झाली असती. पण बाळांचं माप घेतलं तेव्हा दिसलं की कमतरता स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. पुढे मधुमेहाकडे नेणारी शरीराची ठेवण जन्मतःच तयार होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२!

त्याच गावांतल्या आहाराचा अभ्यास शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. आईने एकूण किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा दिसला. शिवाय जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दुधातून, अंड्यातून, मासळी-मटणातून.

मग मुंबईत कुणीतरी असा आहार बायकांना देऊन पाहिला. डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्या गटाने २००६ ते २०१२ या काळात झोपडपट्टीतल्या सुमारे साडेसहा हजार बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. दिसायला समोशासारखा. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. निम्म्या जणींच्या खाऊत बटाटा, कांदा वगैरे. बाळांच्या सरासरी वजनात मोठा फरक पडला नाही, हेही नोंदवायला हवं. पण गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. स्थानिक स्वयंपाकघरात रांधलेल्या एका खाऊची ही करामत.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण आणि पुढे अंगणवाडीच्या मुलांना अंडी मिळू लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारातही आठवड्यातून एक अंडं आणलं. उकडून किंवा पुलावात, आणि न खाणाऱ्याला केळं. त्याला विरोधही झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पैसे देणं थांबवलं. ज्यांना अंडी द्यायची त्यांनी लोकसहभागातून निधी उभारावा असं सुचवलं. पुण्यातल्या एखाद्या शाळेत पालकांकडून वर्गणी निघेल. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर वर्गणी द्यायची कुणी? गावच्या टपरीवर पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट कधी संपत नाही, आणि त्याला लोकसहभाग लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे फार सुखावणारे नाहीत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ टक्क्यांवरून ५४ वर गेल्या. त्याच पाहणीत शंभरातल्या २१ स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा कमी आणि २३ जणींचं जास्त आहे. याज्ञिकांच्या सहा गावांनी हे दोन्ही आकडे एकाच मुळाचे असू शकतात हे केव्हाच दाखवून दिलं होतं.

त्या गावांत १९९० च्या दशकात जन्मलेली मुलं आता तिशीत आहेत. किशोरवयातच त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या पोटच्या बाळांवर त्याचा काय परिणाम होतो, हे तपासलं गेलं. आज पहिलीत बसणाऱ्या मुलींची आई होण्याची वेळ पंधरा-वीस वर्षांनी येईल. त्यांच्या आठवड्याच्या एका अंड्याचा खर्च डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांत मांडता येतो, आणि विदर्भातल्या आमदारांनी तरी तो प्रश्न तिथे विचारावा.